पोरांना ग्रामसभेला कसं तयार करायचं

नागरिकशास्त्रावर भाषण नको, पोरं कंटाळतात. थेट ग्रामसभेची तयारी करून घ्या. महाराष्ट्रात वर्षाला किमान 4 सभा घ्याव्याच लागतात, तर पंधरा दिवस आधी सात-आठ जणांना मोबाईलवर ई-ग्रामस्वराज (ग्रामपंचायतीची कामं आणि खर्च दाखवणारं सरकारी ॲप) उघडायला लावा, त्यात गावाचा विकास आराखडा शोधायचा आणि मग गल्लीत जाऊन बघायचं की कागदावरचं गटार खरंच झालंय का, फोटो पण काढायचे. माहिती नाहीच मिळाली तर 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

सभेत पहिला प्रश्न मुलीनंच विचारावा असं मला मनापासून वाटतं, पण आधी पारावर दोनदा सराव घ्याच. आणि निघण्याआधी प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, ठराव लिहिलाय का ते पोरांना वाचायला लावा.