आयईटीएफची मीटिंग: घरून की स्वतः जाऊन? नागपूरच्या पोरांसाठी माझा अनुभव

इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायचे नियम, जिथे ठरतात त्या आयईटीएफला (इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स) मेंबरशिपच नसते, मेलिंग लिस्टवर (चर्चा जिथे ईमेलने चालते ती यादी) नाव टाकलं की झालं, हे मला कॉलेजात कोणीच सांगितलं नव्हतं म्हणून नवीन पोरापोरींसाठी लिहून राहिलो.

वर्षातून तीन मीटिंग होतात. माझी पहिली जुलै २०२४ ची, व्हँकुव्हरची, घरूनच केली. तिकडे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले रात्रीचे दहा, त्यांचा दिवस संपेस्तोवर इकडे उजाडते. धरमपेठेतल्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो. बोलायचं असेल तर मीटेकोवर (त्यांची ऑनलाइन मीटिंगची सिस्टीम) रांगेत नाव लावायचं, हॉलमधल्या माणसालाही फोनवरून त्याच रांगेत लावावं लागते, हे मला फार आवडलं. तीन रात्री मी नाव लावायचो आणि काढून घ्यायचो. चौथ्या रात्री बोललो, ड्राफ्टमधल्या (प्रोटोकॉलचा कच्चा मसुदा) टाइमआउटबद्दल, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची त्याबद्दल, जेमतेम एक मिनिट, तर चेअर (त्या गटाचे प्रमुख) म्हणाले लिस्टवर लिहा. मला वाटलं टाळलं. पण तसं नसते, मीटिंगमध्ये काहीही ठरलं तरी शेवटचा निर्णय लिस्टवरच पक्का होतो. सकाळी तर्री पोहे खाल्ले, मेल लिहिला, आणि पुढच्या व्हर्जनमध्ये ते वाक्य खरंच बदललेलं दिसलं!

मार्च २०२५ ला मात्र बँकॉकला गेलो, स्वतःच्या पैशाने, वर्षभर साठवून. शनिवारी हॅकेथॉनच्या (एकत्र बसून कोड लिहायचा कार्यक्रम) टेबलावर नेमका तोच माणूस भेटला ज्याच्याशी लिस्टवर दोन महिने वाद सुरू होता. त्याने लॅपटॉपवर पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरून गेलेल्या डेटाची नोंद) उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं, आणि तेव्हा कळलं की "क्लोज" म्हणजे मी कनेक्शन बंद समजत होतो अन् तो नुसतं सेशन (त्या कनेक्शनवरचं एक संभाषण). वीस मिनिटांत मिटलं. हे घरून झालं नसतं, कारण घरून फक्त आपल्या पाळीपुरतं बोलता येते, चहाच्या वेळेचं बोलणं ऐकूच येत नाही.

पण म्हणून पहिल्याच वर्षी तिकीट काढू नका, ओळख नसताना गेलं तर त्या चहाच्या वेळीही एकटंच उभं राहावं लागते. आधी एक वर्किंग ग्रुप (एका विषयावर काम करणारा गट) धरा, नोट वेल, म्हणजे भाग घेणाऱ्यांसाठीचे नियम, वाचा (पेटंटचं त्यात आहे, ऑफिसातही विचारून घ्या), एका तरी ड्राफ्टचा नीट रिव्ह्यू लिस्टवर टाका. मीटिंगच्या साधारण दोन आठवडे आधी नवीन ड्राफ्ट घेणं बंद होते, वाचायला तोच काळ बेस्ट. आणि ऑनलाइनची फी जड जात असेल तर रजिस्ट्रेशन करताना फी वेव्हर (फी माफी) मागा, त्यात लाजायचं काहीच नाही, त्याची सोय त्यांनीच ठेवलेली आहे.