‘खुकरी’च्या नौसैनिकांचा स्मृतिदिन कसा पाळावा

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने टॉर्पेडो डागून ‘आयएनएस खुकरी’ ही भारताची फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) बुडवली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक अरबी समुद्रात कायमचे राहिले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका आहे. १९७१ मध्ये ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला, म्हणून त्या दिवशी आपण नौदल दिन साजरा करतो. त्यानंतर पाचच दिवसांनी येणारी ही तारीखही शाळेत, वाचनालयात किंवा माजी सैनिकांच्या संघटनेत पाळली जावी, असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी पुढील सूचना आहेत.

कार्यक्रमाचा गाभा नावांचे वाचन हाच असावा, असे माझे ठाम मत आहे. भाषणे कमी करावीत, वेळ अपुरा असेल तर पूर्णपणे वगळावीत. पण नावे सगळी वाचावीत. एका नावाला पाच सेकंद धरले, तर १९४ नावांना साधारण सोळा मिनिटे लागतात, आणि एवढा वेळ शाळेतील मुलेही शांतपणे उभी राहू शकतात. नवी दिल्लीत इंडिया गेटजवळ असलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रात स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. यादी तयार करताना तेथील अधिकृत नोंदींशी प्रत्येक नाव ताडून पाहावे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नये. नावे वाचणाऱ्यांना यादी आठवडाभर आधी द्यावी. ही माणसे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली होती, त्यामुळे काही नावे आपल्या जिभेला अपरिचित असतात. अशा नावांचा उच्चार ती भाषा बोलणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याकडून समजून घ्यावा, कारण ज्याच्यासाठी आपण उभे राहिलो त्याचेच नाव अडखळत घेणे बरे दिसत नाही.

नावे हुद्द्यानुसार न वाचता वर्णानुक्रमाने वाचावीत. नौकेचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव त्याच ओघात, आपल्या सहकाऱ्यांमध्ये यावे. नौका सोडण्याचा आदेश दिल्यानंतर ते शेवटपर्यंत तिच्यावरच थांबले, आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. हा प्रसंग अवश्य सांगावा, परंतु तो सांगताना उरलेले १९३ जण केवळ पार्श्वभूमीला जाऊ नयेत, याची काळजी निवेदकाने घ्यायला हवी. नौका काही मिनिटांतच बुडाली. अशा वेळी बॉयलर आणि इंजिनच्या कक्षात, डेकच्या खाली काम करणाऱ्यांना वर येण्यासाठी किती थोडा अवधी मिळाला असेल, एवढे एक वाक्य सांगितले तरी श्रोत्यांना पुष्कळ काही कळते. ६७ जण वाचले, हेही सांगावे.

निवेदन पाच मिनिटांहून लांबवू नये. ‘खुकरी’ आणि तिच्यासोबतची ‘कृपाण’ या नौका दीवनजीकच्या समुद्रात आढळलेल्या पाणबुडीचा शोध घेण्यासाठी पाठवल्या होत्या, एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. नौकेचा वेग, ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणारी सोनार यंत्रणा आणि घेतलेले निर्णय यांवर नंतर पुष्कळ वाद झाले आहेत. त्यांचा अभ्यास जरूर व्हावा, मात्र त्यासाठी दुसरा दिवस निवडावा. त्या संध्याकाळी सभागृहात एखाद्या नौसैनिकाचा मुलगा किंवा नात बसलेली असू शकते.

छायाचित्र निवडताना एक चूक वारंवार होते. याच नावाची दुसरी नौका, क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट (लहान युद्धनौका), १९८९ मध्ये नौदलात आली आणि २०२१ मध्ये निवृत्त झाली. तिचेच चित्र १९७१ च्या नौकेचे म्हणून सर्रास लावले जाते. जुन्या फ्रिगेटचा क्रमांक एफ १४९ होता, तर नव्या नौकेचा पी ४९; चित्रात नौकेच्या बाजूवर रंगवलेला क्रमांक पाहिला की घोटाळा टळतो.

आपल्या जिल्ह्यात या नौसैनिकांपैकी कोणाचे कुटुंब राहते का, याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी आणि निमंत्रण त्या कार्यालयामार्फतच पाठवावे. थेट दार ठोठावू नये. या घरांत पार्थिव परत आले नाही, अंत्यदर्शन झाले नाही, त्यामुळे कित्येकांसाठी हा विषय आजही मिटलेला नसतो. वीरपत्नींना किंवा भावंडांना व्यासपीठावर येण्याचा आग्रह करू नये. त्यांना पहिल्या रांगेऐवजी मागे बसावेसे वाटले, तर तशी सोय ठेवावी. त्यांनी आपणहून पत्रे दाखवली, तर परवानगी घेऊन प्रती काढाव्यात आणि मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावेत.

शक्य असल्यास एखाद्या वर्षी दीवला जावे. चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, काचेच्या आवरणात ‘खुकरी’ची प्रतिकृती ठेवलेली आहे. निवृत्त झालेली दुसरी ‘खुकरी’देखील स्मृती जपण्यासाठी दीवकडेच सोपवण्यात आली. पुष्पचक्र समुद्रात सोडायचे असेल, तर आधी स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यावी आणि ते केवळ फुलापानांचे असावे; त्यात थर्मोकोल, प्लास्टिक किंवा तार नको.

कार्यक्रम सूर्यास्तानंतर ठेवावा, कारण नौका रात्री बुडाली. वाचन संपल्यावर दोन मिनिटे स्तब्धता पाळावी, बिगुल वाजवणारा असेल तर ‘लास्ट पोस्ट’ ही हुतात्म्यांना मानवंदना देणारी धून वाजवावी, आणि त्यानंतर आभारप्रदर्शन न करता सर्वांनी शांतपणे निघावे. वाचलेली यादी, उच्चारांच्या खुणांसह, जपून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी वाचणाऱ्याला ती तशीच हाती देता येईल.