स्थानिक रेडिओसाठी वीस मिनिटांची मुलाखत

स्थानिक सार्वजनिक रेडिओच्या निवेदकाची मोठी अडचण अशी की, ज्या विषयावर तो बोलणार असतो तो विषय अनेक श्रोत्यांना त्याच्यापेक्षा जवळून माहीत असतो. पूल बंद असल्याचे सांगण्यात अर्थ नसतो, कारण रोजचा वळसा श्रोताच घालत असतो. निर्णय कोणी, काय पाहून घेतला आणि पुढचा टप्पा कोणाच्या हातात आहे, एवढेच त्याला ठाऊक नसते. मुलाखतीची आखणी याच अज्ञात भागापासून सुरू करावी.

पाहुण्याशी आधी फोनवर दहा-पंधरा मिनिटे अवश्य बोलावे, मात्र सगळी हकिकत तेव्हाच वदवून घेऊ नये. दुसऱ्यांदा सांगताना माणूस आखडते घेतो आणि ‘मघाशी म्हणालो तसे’ असे म्हणू लागतो, आणि ते मघाचे श्रोत्याने ऐकलेलेच नसते. प्रश्न लिहून द्यावेत का, असे नेहमी विचारले जाते. माझ्या मते विषय कळवावेत, प्रश्न कळवू नयेत, नाहीतर उत्तरे वाचून दाखवली जातात.

पहिला प्रश्न घटनेचा असावा. ‘एकूण परिस्थितीबद्दल काय सांगाल?’ असे अधिकाऱ्याला विचारले की भाषण सुरू होते. ‘पुलाची तपासणी कोणत्या दिवशी झाली आणि त्यात काय आढळले?’ असे विचारले की त्याला नेमके बोलावे लागते. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, कारण दोन विचारल्यास पाहुणा सोपा तेवढा निवडतो. उत्तर संपल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहावे; ती शांतता भरून काढताना माणसे बहुधा खरी गोष्ट सांगतात. मधूनमधून ‘हो, हो’ म्हणण्याऐवजी मान हलवावी, म्हणजे पुढे संपादन करताना हुंकार आड येत नाहीत. आकडेही कानाला पेलतील असे करून घ्यावेत: ‘३९.८ टक्के’ याऐवजी ‘दर दहांपैकी सुमारे चार’.

कलावंताची मुलाखत वेगळी असते. त्याला आधी वाजवू किंवा गाऊ द्यावे आणि मग नुकत्याच ऐकलेल्या एखाद्या जागेबद्दल विचारावे. ‘प्रेरणा कोठून मिळाली?’ या प्रश्नाला आजवर फारसे चांगले उत्तर मिळालेले मला आठवत नाही.

रेडिओ मध्येच लावणारे पुष्कळ असतात, म्हणून दर पाच-सहा मिनिटांनी पाहुण्याचे नाव आणि विषय एका वाक्यात पुन्हा सांगावा. गैरहजर व्यक्तीवर किंवा संस्थेवर आरोप होण्याची शक्यता असेल, तर प्रसारणापूर्वी पुरेसा वेळ देऊन तिची बाजू मागावी आणि ती मिळाली नाही, तर तसे स्पष्टपणे सांगावे. थेट प्रसारणात श्रोत्यांचे फोन घ्यायचे असल्यास सहकाऱ्याने प्रत्येकाशी आधी बोलून प्रश्न समजून घ्यावा. काही सेकंदांचा विलंब ठेवणारी यंत्रणा असेल, तर अश्लील किंवा बदनामीकारक मजकूर वेळीच अडवता येतो.

ध्वनिमुद्रण बाहेर करायचे असेल, तर मायक्रोफोन तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा. समोर धरल्यास ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. निघण्यापूर्वी सर्वांना गप्प बसवून त्या जागेचा निव्वळ आवाज अर्धा मिनिट मुद्रित करावा. वाक्य काढून टाकल्यावर पडणारी पोकळी त्यानेच बुजते. वाक्ये काढावीत, पण एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कधीही जोडू नये. तयार कार्यक्रमाची सरासरी ध्वनिपातळी आपल्या केंद्राच्या मानकानुसार ठेवावी. युरोपीय प्रसारण संघाच्या आर १२८ या शिफारशीत ती उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचे एकक) आहे.

शेवटचा प्रश्न घड्याळात दोन मिनिटे उरलेली असताना विचारावा आणि त्यात तारीख मागावी: पूल केव्हा सुरू होणार? पाहुण्याने दिलेली तारीख केंद्राच्या नोंदवहीत टिपून त्या आठवड्यात त्याला पुन्हा फोन करावा.