बायपोलर आणि गोळ्या: या चुका टाळा

बायपोलर म्हणजे मन कधी फार उंच उडतं, कधी खोल बुडतं असा आजार. दादरला आमच्यासारख्या बायपोलरवाल्यांची महिन्यातून एकदा बैठक भरते. नवीन आलेला माणूस तिसऱ्याच वाक्याला विचारतो, "गोळ्या बंद कधी होतात?" मी चौदा वर्षं लिथियम, म्हणजे मनाचे हे चढउतार आवरणारं औषध, घेतेय. या प्रश्नाचा मला आता राग येतो, खोटं कशाला बोलू.

बरं वाटलं की गोळी बंद, ही सगळ्यांची लाडकी चूक. अहो, गोळी चालू आहे म्हणून तर बरं वाटतंय! लिथियम तडकाफडकी सोडलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, त्यातही मेनियाचा, म्हणजे मन बेलगाम उंच उडण्याचा. मीही एकदा सोडून पाहिलंय. त्यात एक नोकरी गेली आणि नणंदेशी धरलेला अबोला अजून चालू आहे. कमी करायचीच असेल तर डॉक्टरांसमोर बसून, हळूहळू.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून सविस्तर सांगते. नवरात्र होतं, ऑक्टोबरचा उकाडा. मी हौसेने अळणी उपवास धरला. त्यात गुडघा दुखायला लागला, म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून चार दिवस घेतली. मग जुलाब सुरू झाले. पाचव्या दिवशी हातातला कप थरथरायला लागला. मला वाटलं, उपवासाचा अशक्तपणा. दादरच्या पुलावर पाय वाकडेतिकडे पडायला लागले, जीभ जड झाली. त्या दिवसाच्या रंगाची साडी, केसांत गजरा, आणि लोक बाजूला होतायत, बाई प्यायलेली दिसते म्हणून. भावाने तसंच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. रक्तातलं लिथियम १.९ निघालं. एरवी ते साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवतात.

झालं काय होतं? शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियमही धरून ठेवतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्यात भर घालतात. आता मेडिकलवाल्याला पैसे देण्याआधी मी "लिथियम चालू आहे" एवढं बोलते. अंगदुखीला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. उपवासाला देवीची माफी मागून मीठ घातलेली खिचडी. उलट्या-जुलाब झाले, हात जोरात थरथरले, तोल गेला, तर उद्यावर ढकलायचं नाही.

लिथियमची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जाणारे रिपोर्ट बिघडवतात आणि वर लॅबवाल्याशी भांडतात. थायरॉइड आणि किडनीची तपासणीही ठरल्या वेळी.

डॉक्टरांना फक्त रडण्याचे दिवस सांगू नका. तीन तास झोपून ताजंतवानं वाटलेला आठवडा, तेव्हा केलेली उधळपट्टी, तेही सांगा. नुसतं डिप्रेशन समजून नुसती अँटीडिप्रेसंट दिली तर मेनिया भडकू शकतो.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. सरळ हॉस्पिटल. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

झोपेचं तर विचारूच नका. दोन रात्री जागरण म्हणजे मेनियाला आमंत्रण. गणपतीत मी रात्री दहाला मंडपातून उठून घरी निघते. मंडळातली पोरं ओरडतात, "काकू, आत्ता तर मजा सुरू होतेय!" मी चपला शोधते.