पोरांच्या पिक्चरचा दुसरा पार्ट आला की लोकांची मतं कशी वाचायची

आमच्या घरच्या ग्रुपवर दर सुट्टीला एक प्रश्न ठरलेला असतो, अमक्या कार्टून पिक्चरचा दुसरा पार्ट आलाय, कसा आहे, पोरांना न्यावं काय? आणि विचारतात मलाच कारण भाचरं-पुतणे गोळा करून थिएटरला नेणारी मीच. मी बेळगावात टिळकवाडीत, नणंद खानापुरात, धाकटी बहीण निपाणीला. निपाणीहून बेळगाव जवळजवळ पाऊणशे किलोमीटर, कोल्हापूर चाळीसेक, म्हणजे कुठंही जा, पेट्रोल, पाच तिकिटं, पॉपकॉर्न आणि परत येताना पोरांचं "भूक लागली" धरून दिवसाचा चांगलाच खर्च होतो. मग जायच्या आधी लोक काय म्हणतात ते बघणारच की आपण. फक्त पहिल्या पार्टची मतं वाचायची पद्धत आणि दुसऱ्या पार्टची वेगळी, हे मला 'मोआना २', म्हणजे बोटीनं समुद्रावर निघणाऱ्या मोआना नावाच्या पोरीचा डिस्नेचा कार्टून पिक्चर, त्याच्या वेळी नीट कळलं म्हणून त्याचंच उदाहरण घेऊन सांगते.

आधी टक्क्यांचं बघूया कारण सगळे तिथंच फसतात. 'मोआना २' नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा रॉटन टोमॅटोज या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या वेबसाइटवर समीक्षकांचा आकडा साठच्या आसपास होता, पहिल्याचा पंचाण्णव. बहिणीनं लगेच मेसेज टाकला, "अक्का, साठ टक्केच आहे, नको जाऊया." आता हे साठ टक्के म्हणजे शाळेतले शंभरपैकी साठ मार्क नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी साठ जणांनी "बघायला हरकत नाही" असं म्हटलं एवढाच त्याचा अर्थ. त्या साठांना पिक्चर जेमतेम आवडलाय का जीव ओतून आवडलाय हे त्या आकड्यात येतच नाही. शेजारीच पॉपकॉर्नचा आकडा असतो तो साध्या प्रेक्षकांचा, पाचपैकी साडेतीन किंवा जास्त स्टार देणारे किती, ते. तो 'मोआना २' ला ऐंशीच्या वर होता. आणखी एक सिनेमास्कोर म्हणून असतंय, अमेरिकेत पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्या लोकांकडून कार्डावर ग्रेड घेतात, त्यात पहिल्या पार्टला ए मिळाला होता आणि दुसऱ्याला ए मायनस. बघा म्हणजे, समीक्षकांत एवढी घसरण आणि तिकीट काढून पोरं घेऊन गेलेल्यांत नुसती बारीक उतरण. असा फरक दिसला की समजायचं, मोठ्यांची तक्रार आहे, पोरांची नाही.

मग तक्रारी वाचायच्या. आकडे सोडून निदान दहा-बारा माणसांनी लिहिलेलं वाचा, आणि वाचताना प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारा, पहिला पार्ट बघितलाच नसता तरी या माणसाला हे खटकलं असतं काय? 'मोआना २' वर तीन गोष्टी सारख्या सारख्या येत होत्या. एक, गाणी पहिल्यासारखी नाहीत. बरोबर आहे, पहिल्या पार्टची गाणी लिन-मॅन्युएल मिरांडाची होती, दुसऱ्याला तो नव्हता, अ‍ॅबिगेल बार्लो आणि एमिली बेअर या दोघींनी गाणी केली. ज्यांच्या कानात आठ वर्षं जुनी गाणी वाजत आहेत त्यांना नवीन गाणं पहिल्या ऐकण्यात कमीच वाटणार. दोन, गोष्ट तुकड्या-तुकड्यात चालते, एक संकट झालं की दुसरं. यालाही कारण आहे, हे आधी टीव्हीवरची मालिका म्हणून बनत होतं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की आता पिक्चर म्हणून थिएटरात आणणार. मालिकेचा सांगाडा राहिला तो राहिलाच. ही तक्रार मला खरी वाटते, पहिला पार्ट न बघताही जाणवेल अशी. तीन, माउई, म्हणजे मोआनाला मदत करणारा तो अर्धा देव, सुरुवातीला बराच वेळ वेगळाच अडकून पडलेला, मोआनाबरोबर येतो उशिरा. ही तक्रार अर्धी खरी, कारण ज्या पोरांना माउईच बघायचाय ती तोवर चुळबुळ करतातच.

आता या तिन्हींतली सहा वर्षांच्या पोराला कुठली लागू? गाण्यांची तर अजिबात नाही. तुकड्यांची उलटी, लहान पोरांना दर दहा मिनिटांनी काहीतरी नवीन हवंच असतंय. राहिली माउईची, ती लागू. म्हणून मी भाच्याला आधीच सांगून ठेवलं, माउई थोडा उशिरा येणार आहे हां, आणि तो शांत बसला.

मत देणारा कोण आहे हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच विसरतात. "माझ्या लहानपणीचा पिक्चर खराब केला" असं लिहिणारा आज वीस-बावीस वर्षांचा असतो, त्याचं दुःख खरं आहे, त्याच्याबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही, पण त्याचा तुमच्या पोराशी संबंध नाही. पोरं बरोबर घेऊन गेलेल्या आईबापांची मतं शोधा. ती ओळखायची खूण सोपी, त्यात वेळ असते. "तासाभरानं मुलगी मांडीवर आली", "मधे दोनदा बाहेर जावं लागलं", अशी वाक्यं असली की तो माणूस खरंच पोर घेऊन बसला होता. पिक्चर शंभर मिनिटांचा, त्यातलं तासाभरानंतरचं पोराचं हाल सांगणारं एक वाक्य मला कुठल्याही स्टारपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं.

भीतीचं वेगळं विचारा. सर्टिफिकेट बघाच, आता यूए मध्येही ७+, १३+, १६+ असे भाग केलेत त्यामुळे पूर्वीपेक्षा बरं कळतं, पण सर्टिफिकेटवरून कुठला सीन ते कळत नाही. दुसऱ्या पार्टमध्ये संकट पहिल्यापेक्षा मोठं दाखवायची पद्धतच असते. इथं नालो नावाचा वादळाचा देव आहे, त्यानं मोटुफेटू नावाचं बेट समुद्रात बुडवून ठेवलंय आणि शेवटी मोआना ते वर काढताना तिच्यावर विजा कोसळतात, आवाज प्रचंड. पुतणी पाच वर्षांची, तिनं माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरलं आणि विचारलं, "काकू, ही मरायलीय काय?" मला तो सीन आधी वाचून माहीत होता म्हणून तिच्या कानात सांगता आलं की थांब, आता बघ काय होतंय, आणि तिनं हात सोडला नाही पण डोळेही झाकले नाहीत. अशा वेळी गोष्ट आधी थोडी फुटली तरी चालतं. मोठ्यांनी शेवट वाचूनच जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपल्या भागातली मोठी गोष्ट, भाषा. घरात मराठी, गल्लीत कानडी, शाळा कुठं इंग्लिश मीडियम कुठं मराठी, आणि कार्टून हिंदीत, असं आपल्या पोरांचं आहे. पिक्चर मराठीत नसतोच. पुण्या-मुंबईच्या कुणी लिहिलं असेल "पोरांना कळला नाही" तर आधी बघा त्यांनी इंग्लिशमधला बघितला का हिंदीतला. माझ्या खानापूरच्या भाच्याला हिंदी सगळं समजतं, इंग्लिश भरभर गेलं की तो पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतो. एकदा एका थिएटरात हिंदी म्हणून तिकीट काढलं आणि आत इंग्लिश सुरू झाला, अर्धा पिक्चर मी कानात मराठीत सांगत बसले, आणि बाहेर आल्यावर त्यानं सांगितलेलं मत त्या पिक्चरचं नव्हतंच, माझ्या कुजबुजीचं होतं. तेव्हापासून बुकिंग करताना भाषा दोनदा बघते, आणि जाताना गेटवर एकदा विचारते.

बघून आल्यावर पोराचं मत कसं घ्यायचं तेही सांगते, कारण पुढच्या माणसाला तेच उपयोगी पडतं. थिएटरच्या दारात "कसा होता?" विचारू नका. दारात सगळी पोरं "छान" म्हणतात, तेवढ्यात त्यांचं लक्ष आईस्क्रीमकडे असतंय. "पहिला चांगला का दुसरा?" हेही नको, पोराला वाटतं यात एक उत्तर बरोबर आहे आणि आपण ते ओळखायचंय. दोन-तीन दिवस जाऊ द्या. भाच्यानं मंगळवारी अंगणात धुण्याची पितळी परात उलटी टाकली, हातात केरसुणी वल्ह्यासारखी धरली, कोंबडीला हेहे, म्हणजे पिक्चरमधला कोंबडा, म्हणून आत बसवायला बघितलं आणि धाकटीला म्हणाला, "तू पुआ हो, ह्यावेळी पुआला बोटीवर नेलंय की." पहिल्या पार्टमध्ये ते डुकराचं पिल्लू प्रवासाला गेलं नव्हतं, दुसऱ्यात गेलं, हे कुठल्या रिव्ह्यूत मला ठळक दिसलं नव्हतं आणि पोरांना तेच सगळ्यात मोठं वाटलं होतं. बोटीवर केले नावाचा एक म्हातारा शेतकरी आहे, सारखा कुरकुरणारा, रोपं सांभाळणारा. त्याच्याबद्दल विचारल्यावर भाचा म्हणाला, "मामी, तो आमच्या आज्जासारखा आहे, भाताचं तरू लावताना आज्जा असाच ओरडतो." असं खेळात काय आलं, नाव कुणाचं लक्षात राहिलं, परत कुठला सीन सांगितला, एवढं बघितलं की मत मिळालं.

मग आपलं मत ग्रुपवर टाकताना "बरा आहे", "टाइमपास" एवढंच लिहू नका, त्यावरून निपाणीची बहीण पेट्रोल भरायचं का नाही ठरवू शकत नाही. कुठल्या वयाची पोरं होती, कुठल्या भाषेत बघितला, कंटाळा कधी आला, घाबरली कुठं, पहिला पार्ट बघितलेला हवा का, एवढं असलं की झालं. मी त्या मंगळवारी रात्री टाकलेला मेसेज असा होता:

"हिंदीत बघितला. पाच आणि सहा वर्षांची पोरं होती, दोघं शेवटपर्यंत बसली. माउई यायला उशीर आहे, तेव्हा थोडी चुळबुळ. शेवटी विजांचा मोठा सीन, धाकट्याला मांडीवर घे. गाणी पहिल्याइतकी तोंडात बसली नाहीत पण पोरांना त्याचं काही नाही. पहिला पार्ट आदल्या दिवशी घरात दाखव, नाहीतर माउई कोण ते कळणार नाही. नावं सुरू झाली तरी उठू नका, मधे आणखी एक सीन आहे. माझ्या मते न्यावं."

बहिणीचं उत्तर आलं, "कोल्हापूरचं बुक केलं अक्का, हिंदीच, दोनदा बघितलं."