परदेशातलं युद्ध आणि आपलं अडकलेलं पेमेंट: या चुका टाळा

"आम्ही काय बंदुका पाठवल्या काय हो? आमरसाचे डबे पाठवले!"

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या आमच्या ऑफिसात हे वाक्य मी गेल्या दोन-तीन वर्षांत निरनिराळ्या तोंडांतून ऐकलंय. डब्यांच्या जागी कधी काजूगर असतात, कधी फ्रोझन म्हाकूल. मी निर्यातीची कागदपत्रं करतो. माल बंदरातून निघाला, तिकडे पोचला, गिऱ्हाइकाने पैसे पाठवले, आणि मध्येच बँकेचं पत्र येतं: आर्थिक निर्बंधांच्या तपासणीमुळे रक्कम थांबवली आहे. माणूस चक्रावतो. लढाई सुदानात, निर्बंध अमेरिकेचे आणि पैसे अडकले लांज्याच्या कॅनिंगवाल्याचे.

लढाईचं थोडक्यात सांगतो, कारण पुढचं त्यावरच उभं आहे. १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये लष्करप्रमुख जनरल बुरहान यांचं सैन्य आणि हेमेदती या नावाने ओळखले जाणारे मोहम्मद हमदान दगालो यांचं निमलष्करी दल, म्हणजे आरएसएफ, एकमेकांवर तुटून पडले. ४ मे ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी या युद्धाला खतपाणी घालणाऱ्यांवर निर्बंध लावायचा, म्हणजे त्यांचे पैसे गोठवायचा आणि त्यांच्याशी व्यवहार बंद करायचा, आदेश काढला. १ जूनला पहिल्या चार कंपन्यांची नावं आली, दोन सैन्याच्या बाजूच्या आणि दोन आरएसएफच्या. आरएसएफकडची एक, अल जुनैद, सोन्याच्या धंद्यातली. दुसरी, ट्रेडिव्ह जनरल ट्रेडिंग, संयुक्त अरब अमिरातीत बसून या दलासाठी गाड्या खरेदी करणारी. जुलैमध्ये ब्रिटनने, जानेवारी २०२४ मध्ये युरोपीय संघाने आपापल्या याद्या काढल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हेमेदतींसोबत अमिरातीतल्या आणखी सात कंपन्या यादीत घातल्या, आणि दहा दिवसांच्या आत बुरहान यांनाही.

यातला "अमिराती" हा शब्द आपल्या कामाचा. आपला बराच माल दुबईच्या व्यापाऱ्याकडे जातो आणि तो पुढे कुठे जातो हे आपण विचारत नाही.

"आपल्या सरकारची बंदी नाही ना, मग झालं"

कायद्याच्या दृष्टीने हे खोटं नाही, म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. भारत फक्त संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध पाळतो. त्यासाठी १९४७ चा वेगळा कायदा आहे आणि डीजीएफटी, म्हणजे केंद्राचं परदेशी व्यापाराचं खातं, अधिसूचना काढतं. सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आरएसएफच्या दोन जनरलांना यादीत घातलं. ती नावं आपल्यालाही बंधनकारक. अमेरिकेने एकट्याने केलेली यादी मात्र आपल्याकडे कायदा नाही. म्हणून न्हावा-शेवाला कस्टम्स तुमचा कंटेनर अडवत नाही आणि सगळं आलबेल आहे असं वाटतं.

पण इनव्हॉइस डॉलरमध्ये असतं. दुबईतून निघालेला डॉलर सरळ रत्नागिरीच्या शाखेत येत नाही. तो न्यूयॉर्कमधल्या कुठल्या तरी मोठ्या बँकेच्या खात्यातून फिरून येतो, आणि तिथे पाय ठेवला की अमेरिकेचा कायदा लागू. तिथलं सॉफ्टवेअर प्रत्येक नाव चाळतं. बँका एवढ्या का घाबरतात? २०१४ साली बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्युबाचे व्यवहार लपवून केल्याबद्दल सुमारे ८.९ अब्ज डॉलर भरावे लागले. ती रक्कम डोळ्यांसमोर असलेली बँक तुमच्या वीस लाखांसाठी जोखीम घेणार नाही.

"मग दिरहममध्ये घेऊया," असं एकाने सुचवलं. घ्या. पण दिरहम पाठवणाऱ्या बँकेचीही डॉलरची खाती न्यूयॉर्कला असतातच. चाळणी तीही लावते, भोकं जरा मोठी असतील एवढंच.

आणि निर्बंध परदेशातच लागतात असंही नाही. रशिया-युक्रेन युद्धापायी युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये गुजरातच्या वाडीनारची नायरा एनर्जी यादीत घातली. भारतीय जमिनीवरची, भारतीय कायद्याखालची रिफायनरी. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची ईमेलसारखी सेवाच थांबवली, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा ती परत सुरू झाली.

देश बघायचा, नावं बघायचीच नाहीत

लोक मला फोन करून विचारतात, "सुदानला बंदी आहे काय?" प्रश्नच चुकीचा आहे. सुदानवर सरसकट असलेले अमेरिकेचे जुने निर्बंध ऑक्टोबर २०१७ मध्येच उठले. आताचे आहेत ते माणसांवर आणि कंपन्यांवर, नाव घेऊन. इराण, क्युबा, उत्तर कोरियाची गोष्ट वेगळी, तिथे जवळजवळ सगळाच दरवाजा बंद. पण सुदानी गिऱ्हाईक म्हणून आमरस विकता येत नाही असं नाही, आणि गिऱ्हाईक दुबईचं आहे म्हणून बिनधास्त असंही नाही.

माझ्याच हातून गेलेलं एक प्रकरण सांगतो. एक कॅनिंगवाले, वय साठीच्या पुढे, धंदा वडिलांपासून. दुबईच्या देइरा भागातल्या एका व्यापाऱ्याने पल्पची ऑर्डर दिली, ३.१ किलोचे डबे, वीस फुटी कंटेनर भरून. तीस टक्के आगाऊ रक्कम व्यापाऱ्याच्या खात्यातून चोख आली. ते नाव मी तपासलं होतं, स्वच्छ होतं. माल निघाल्यावर व्यापाऱ्याचा फोन: "शेठ, जहाज पोचतंय, टेलेक्स रिलीज देऊन टाका, बाकीचे पैसे निघालेत." यांनी दिला. म्हणजे बिल ऑफ लेडिंगचा, जहाज कंपनीच्या मालपावतीचा, मूळ कागद हातातला गेला आणि त्याबरोबर मालावरची पकडही. पैसे खरंच निघाले होते, पण भलत्याच कंपनीच्या खात्यातून. नावाच्या शेवटी जनरल ट्रेडिंग एलएलसी. ती कंपनी यादीत नव्हती. पण मधल्या बँकेने विचारलं: हिचे मालक कोण? माल घेणाऱ्या व्यापाऱ्याशी हिचा संबंध काय? डबे शेवटी जाणार कुठे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पोर्ट सुदान निघालं. पहिल्या दोन प्रश्नांवर व्यापारी आज देतो, उद्या देतो करत राहिला. सात आठवड्यांनी रक्कम जिथून आली तिथे परत गेली. डबे तोवर गोदामातून गेलेले. पुढे त्याने स्वतःच्या खात्यातून हप्त्याहप्त्याने पैसे दिले, शेवटचा हप्ता पुढच्या आंब्याला मोहर आला तेव्हा. त्या वर्षी कॅनिंगवाल्यांनी बागायतदारांचे पैसे कसे भागवले ते त्यांनाच ठाऊक. मी मात्र तेव्हापासून पैसे पाठवणाऱ्याचं नाव करारातच लिहून घेतो. तिसऱ्याच कंपनीकडून पैसे यायचे असतील तर तिघांच्या सह्यांचा करार आधी आणि तो बँकेला दाखवूनच ऑर्डर पक्की.

मालक विचारतात ते उगाच नाही. अमेरिकेचा पन्नास टक्क्यांचा नियम आहे. यादीतल्या माणसांचा मिळून पन्नास टक्के किंवा जास्त हिस्सा असलेली कंपनी यादीत नाव नसतानाही यादीतलीच धरतात. दोघांचे पंचवीस-पंचवीस असले तरी बेरीज पन्नास. आणि पन्नासच्या खाली म्हणजे सुटलो, असंही कुणी समजू नये. नायरात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा हिस्सा ४९.१३ टक्के होता, तरी युरोपने थेट तिचंच नाव घातलं.

तेव्हा तपासायचं ते एक नाव नव्हे. घेणारा, कन्साइनी (ज्याच्या नावे माल पाठवला तो), नोटिफाय पार्टी (माल पोचल्याची खबर ज्याला जाते तो), पैसे देणारा, त्याची बँक, मालक आणि जहाज. गिऱ्हाइकाकडून ट्रेड लायसन्सची प्रत मागा, अमिरातीत त्यावर बहुधा मालकांची नावं असतात. मागितल्यावर जो चिडतो त्याच्याशी धंदा करायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी करत नाही.

एकाच स्पेलिंगने शोधणे

अरबी नाव इंग्रजीत लिहिण्याच्या दहा तऱ्हा. दगालोचं दगलो होतं, मोहम्मदचं मुहम्मद. निर्बंधांची यादी सांभाळणाऱ्या अमेरिकेच्या ओफॅक खात्याचा ऑनलाइन शोध सगळ्यांना फुकट खुला आहे. तिथे नाव किती जुळायला हवं ते ठरवायची एक सरकपट्टी असते आणि ती आपोआप शंभरावर असते. ती ऐंशी-पंच्याऐंशीला आणा. निकालाच्या पानाची तारखेसह प्रिंट काढून फायलीत लावा. ओफॅकने मार्च २०२५ पासून कागद जपायची मुदत पाच वर्षांवरून दहा केली आहे. ती थेट आपल्याला नसली तरी उद्या मधली बँक जुन्या व्यवहाराचे कागद मागू शकते. संयुक्त राष्ट्रांची, ब्रिटनची आणि युरोपची यादी वेगळी बघावी लागते.

अडकल्यावर घाई

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पैसे थांबले की गिऱ्हाईक म्हणतो, "मी दुसऱ्या कंपनीतून पाठवतो" किंवा "इनव्हॉइसवरचं सुदान काढा, नुसतं दुबई लिहा." हे अजिबात करू नका. पहिली अडचण चौकशीची होती, ही लपवाछपवीची होते, आणि बीएनपी पारिबाला दंड झाला तो यातच.

आधी बँकेला एकच गोष्ट लेखी विचारा: रक्कम नुसती थांबवली आहे, परत पाठवली आहे की गोठवली आहे? शाखेतला माणूस तिन्हीला "होल्ड" म्हणतो, त्याला दोष नको, निर्णय त्याच्या हातात नसतो. पण तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थांबवली असेल तर मधल्या बँकेचे प्रश्न आलेले असतात आणि उत्तराला मुदत असते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, करार आणि एका पानाचं साधं पत्र असं सगळं एकदम द्या. रोज एक कागद दिलात तर प्रकरण रोज नव्याने रांगेच्या शेवटी जातं. परत पाठवली असेल तर गिऱ्हाइकाकडून त्याच्याच खात्यातून, खऱ्या तपशिलासह पुन्हा मागवा. गोठवली असेल तर ती अमेरिकेतल्या वेगळ्या खात्यात पडून राहते आणि सोडवायला ओफॅकचा परवाना लागतो. तिथे माझ्यासारख्याचं काम संपतं, वकील बघा.

दरम्यान इकडे निर्यातीचे पैसे मुदतीत न आल्याचा शेरा रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत लागू नये म्हणून आपल्या बँकेकडे मुदतवाढीचा अर्ज करून ठेवा. हे नव्वद टक्के लोक विसरतात. हा आकडा माझ्या टेबलावरचा, सर्वेक्षणातला नाही.

नाव जुळलं म्हणून घाबरणे

राजिवड्याच्या एका काकींचा मुलगा मस्कतला असतो. दर महिन्याला येणारे पैसे एकदा आलेच नाहीत. मुलाचं आणि वडिलांचं नाव मिळून कुणा यादीतल्या माणसाशी जुळत होतं. आपल्या कोकणी मुसलमान घरांत हे वरचेवर घडतं, कारण ही नावं जगभर लाखोंची आहेत, आणि मनीऑर्डरच्या फॉर्मवर आडनाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. काकी रडकुंडीला आल्या होत्या, पोलीस येणार म्हणून. काही होत नाही. पासपोर्टची प्रत, जन्मतारीख, जन्मगाव आणि पत्ता दिला की सुटतं, कारण यादीतही बहुधा जन्मतारीख दिलेली असते. पुढच्या वेळेपासून पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, आडनावासकट, दर वेळी एकाच स्पेलिंगने लिहा.

बोटीवर जाताना फक्त पगार विचारणे

गुहागर-दाभोळपासून मालवणपर्यंत घरटी नसलं तरी वाडीटी एक पोरगा बोटीवर असतो. निर्बंधांचा फटका त्यालाही बसतो, आणि तो पैशांपेक्षा वाईट. रशियन तेल वाहणारी पाचशेहून अधिक जहाजं २०२५ अखेर युरोपच्या यादीत होती. असं जहाज यादीत आलं की विमा जातो, बंदरं घेत नाहीत, मालक फोन बंद करतो, आणि पगार नसलेली पोरं नांगरावर अडकून पडतात.

जहाजाचं नाव आणि झेंडा रात्रीत बदलतात. बदलत नाही तो सात आकडी आयएमओ नंबर. तो घेऊन ओफॅकच्या शोधात टाका, मग इक्वेसिस या फुकट साइटवर मालक, झेंडा आणि विमा बघा. वर्षात तीनदा झेंडा बदलला असेल तर पुढे वाचायची गरज नाही. एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का ते डीजी शिपिंगच्याच साइटवर बघा, त्याने भिंतीवर लावलेल्या फ्रेमवर नको. आणि एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे जहाजाला आर्थिक हमीचं प्रमाणपत्र लागतं, ज्यातून मालक पळाला तरी चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतायचा खर्च मिळतो. त्याची प्रत मागा.

गेल्या पावसाळ्यात वेळणेश्वरकडचा एक मुलगा वडिलांबरोबर ऑफर लेटर घेऊन आला. पगार चांगला, जॉइनिंग चार दिवसांत, एजंटला द्यायचे पैसे निम्मे दिलेले. लेटरवर जहाजाचं नाव होतं, आयएमओ नंबर नव्हता. माझ्यासमोर त्याने एजंटला फोन लावून नंबर विचारला. एजंट म्हणाला, "व्हॉट्सॲप करतो." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. पोरगा गेला नाही. दिलेले पैसेही परत आले नाहीत, आणि त्याचे वडील त्याबद्दल अजून माझ्यावर नाराज आहेत.