पाइपच्या डोमसाठी माप भोकापासून भोकापर्यंत

धातूच्या पाइपचा जिओडेसिक डोम, म्हणजे त्रिकोण जोडून केलेला घुमट, बिघडतो तो बहुधा मापात, जोडणीत नाही. साध्या दोन-फ्रीक्वेन्सीच्या (मूळ मोठ्या त्रिकोणांची प्रत्येक बाजू दोन भागांत विभागलेल्या) अर्धगोल डोमला 65 दांड्या लागतात: आखूड 30, लांब 35. त्रिज्येला 0.5465 ने गुणलं की आखूड, 0.618 ने गुणलं की लांब. म्हणजे 2 मीटर त्रिज्येला 1093 आणि 1236 मिलिमीटर. पण हे अंतर दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं. पाइप कापताना दोन्ही टोकांना 20-20 मिलिमीटर जास्त ठेवा.

टोकं व्हाइसमध्ये चेपा, आणि दोन्ही एकाच पातळीत. पाइपवर मार्करने लांब रेघ मारली की पीळ लगेच दिसतो. भोक चेपल्यावरच पाडा, आधी पाडलं तर ते लंबुळकं होतं. दुसरं भोक दरवेळी टेपने मोजू नका. फळीवर ड्रिलपासून योग्य अंतरावर खुंटी ठोका, पहिलं भोक तिच्यात अडकवा आणि ड्रिल चालवा. मग टोकं वाकवा, आखूड दांडीची 16 अंश, लांब दांडीची 18. दोन्ही एकाच बाजूला, हं!

दांड्यांना दोन रंगांच्या पट्ट्या लावा. तळाच्या कड्याला दहा लांब दांड्या. शेवटची दांडी बसेपर्यंत एकही नट पूर्ण आवळू नका.